वाचक विचारतात: ब्रुसेल्समध्ये हरकती-सूचना ऐकतं तरी कोण?

मागच्या अंकात मी एक वाक्य लिहून गेले होते, की युरोपियन युनियनमध्ये कायदा करायच्या आधी कामगार संघटना, ग्राहक मंच, पर्यावरणवाले, शेतकऱ्यांचे संघ या सगळ्यांशी बोलावं लागतं आणि तसं त्यांच्या करारातच लिहिलेलं आहे. त्या एका वाक्यावर एवढे प्रश्न आले की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. बहुतेक प्रश्न ठाणे आणि नवी मुंबईतले, आणि निम्मे तरी संशयाने विचारलेले, जे मला आवडलं. नावं छापलेली नाहीत.

रबाळे एमआयडीसीत नोकरी करणारे एक वाचक: आमच्याकडची केमिकल्स जर्मनी-इटलीला जातात. दर सहा महिन्यांनी तिकडचा खरेदीदार नवं डिक्लेरेशन मागतो, यादीत अमुक पदार्थ आलाय, तुमच्या मालात किती टक्के आहे ते लिहून द्या. आमचे साहेब म्हणतात हे सगळं एनजीओवाल्यांनी बसून लिहिलंय. खरंय का?

साहेबांचं निम्मं बरोबर आहे. नियमाचा मसुदा लिहितं युरोपियन कमिशन, पास करतात युरोपियन संसद आणि सदस्य देशांच्या मंत्र्यांची कौन्सिल, एनजीओच्या हातात पेन कधीच नसतं. पण तुम्ही म्हणताय तो केमिकल्सचा कायदा, त्याचं नाव रीच, १ जून २००७ पासून लागू झाला आणि त्याच्या आधी जी काही वर्षं रस्सीखेच चालली त्यात एनजीओ जोरात होत्या हे खरंच आहे.

एक गोष्ट तर मला फार भारी वाटते. २००३ मध्ये पर्यावरण खातं सांभाळणाऱ्या कमिशनर होत्या मार्गोट वॉलस्ट्रॉम, स्वीडनच्या. त्यांनी डब्ल्यूडब्ल्यूएफ या पर्यावरणवाल्या एनजीओच्या मोहिमेत स्वतःचं रक्त तपासायला दिलं. ७७ केमिकल्ससाठी तपासणी झाली आणि २८ सापडली. मग पुढे संसदेच्या सदस्यांनीही आपलं रक्त तपासून घेतलं. आता विचार करा, ज्या बाईंच्या खात्यातून मसुदा निघाला त्यांचाच रिपोर्ट पेपरात, त्यानंतर केमिकल हा विषय फक्त इंजिनियर लोकांचा राहिलाच नाही ना.

पण याच वर्षी दुसऱ्या बाजूनेही कुणी झोपलेलं नव्हतं. कमिशनने उन्हाळ्यात आठ आठवडे मसुदा इंटरनेटवर ठेवला, सहा हजारांच्या वर प्रतिक्रिया आल्या आणि त्यातल्या बऱ्याच उद्योगांच्या होत्या. ऑक्टोबरमध्ये जो अधिकृत प्रस्ताव आला तो आधीपेक्षा बराच मवाळ होता, पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकसारखे पदार्थ, नोंदणीतून बाहेर गेले, वर्षाला दहा टनांच्या आत माल असणाऱ्यांची कागदपत्रं कमी झाली. म्हणजे साहेबांना सांगा, की एनजीओंनी विषय तापवला हे कबूल, पण मसुद्यात बारीक कात्री कुठे लावायची ते उद्योगवाल्यांनी नेमकं दाखवलं, आणि त्याचा फायदा बाहेरून माल पाठवणाऱ्या छोट्या कंपन्यांनाही झालाच.

तुमच्या खरेदीदाराची ती यादी म्हणजे घातक पदार्थांची कॅन्डिडेट लिस्ट. हेलसिंकीला युरोपियन केमिकल एजन्सी आहे, ती काढते, साधारण जानेवारी आणि जूनमध्ये त्यात भर पडते, म्हणून तुमच्याकडे सहा महिन्यांनी मेल येतो. वस्तूमध्ये ०.१ टक्क्याच्या वर असेल तर गिऱ्हाइकाला कळवावं लागतं. २००८ मध्ये पहिली यादी आली तेव्हा त्यात फक्त १५ पदार्थ होते. त्याच्या महिनाभर आधीच स्वीडनच्या केमसेक या एनजीओने स्वतःची यादी काढली होती, सिन लिस्ट, २६७ पदार्थांची, कायद्याचेच निकष लावून. सरकारी यादी हळूहळू त्या दिशेने वाढतेय, आता अडीचशेच्या आसपास गेलीय. बऱ्याच मोठ्या कंपन्या सिन लिस्ट बघूनच ठरवतात की पुढे कशावर गदा येणार, तुमच्या क्यूसीवाल्यांनीही ती उघडून बघावी, फुकट आहे. आणि अजून एक, नवीन पदार्थ यादीत टाकायच्या आधी एजन्सी ४५ दिवस हरकती मागवते, त्या कुणीही देऊ शकतं, रबाळ्यातून सुद्धा. फक्त "आमचं नुकसान होईल" एवढं लिहून उपयोग नाही, त्या टप्प्यावर प्रश्न असतो की पदार्थ घातक आहे का, त्यावर डेटा द्यावा लागतो.

ठाण्याहून राज्यशास्त्राची एक विद्यार्थिनी: ताई, आमच्या नोट्समध्ये युरोपियन इकॉनॉमिक अँड सोशल कमिटीवर दोनच ओळी आहेत. ती म्हणे नागरी समाजाची अधिकृत संस्था. पण तिचं मत बंधनकारक नाही, मग ती आहे कशाला?

अगं, हा प्रश्न ब्रुसेल्समध्येही अधूनमधून निघतोच, तू एकटी नाहीस. १९५७ च्या रोमच्या करारात ही कमिटी आली, म्हणजे लोकांनी थेट निवडून दिलेली युरोपियन संसद यायच्या बावीस वर्षं आधी. आज ३२९ सदस्य, तीन गट, एक मालकांचा, एक कामगारांचा, आणि तिसऱ्यात शेतकरी, ग्राहक, अपंगांच्या संघटना, पर्यावरणवाले, स्वतंत्र व्यावसायिक असे सगळे. जर्मनी, फ्रान्स, इटलीचे २४-२४, माल्टाचे ५. नावं सुचवतात देशोदेशीची सरकारं आणि नेमणूक करते कौन्सिल, पाच वर्षांसाठी. पगार नाही, प्रवासखर्च आणि दैनिक भत्ता मिळतो.

काही विषयांवर कमिशन, कौन्सिल आणि संसदेला या कमिटीचं मत मागावंच लागतं. पण मुदत देऊन मागतात, किमान एक महिना, आणि मुदतीत मत नाही आलं तर ते पुढे जाऊ शकतात, करारात तसंच लिहिलंय. वर्षाला दीडशेच्या वर मतं निघतात. खरं सांगू का, त्यातली बरीचशी कोण वाचतं हा प्रश्नच आहे, माझं मत विचारशील तर कागदावर ही कमिटी जेवढी मोठी दिसते तेवढी ती नाही. सरकारनेच नावं पाठवायची आणि त्यांना नागरी समाज म्हणायचं, इथेच मला थोडं खटकतं.

तरी एक गोष्ट तिच्या बाजूने. एका मसुद्यावर मालकांचा माणूस आणि युनियनचा माणूस एका टेबलावर बसून एकच मजकूर तयार करतात, आणि तो मोठ्या बहुमताने पास झाला की कमिशनला कळतं की यावर दोन्हीकडून आरडाओरडा होणार नाही. ही माहिती कमिशनला दुसरीकडून एवढ्या स्वस्तात मिळत नाही.

परीक्षेसाठी म्हणून लिहून ठेव, की आता खरा आधार युरोपियन युनियनच्या करारातलं कलम ११ आहे, ते लिस्बन कराराने आलं, १ डिसेंबर २००९ पासून लागू. त्यात लिहिलंय की संस्थांनी नागरी समाजाशी खुला, पारदर्शक आणि नियमित संवाद ठेवायचा. कमिटीचं नावही या कलमात नाही. त्यामुळे ज्या संघटनांचे स्वतःचे ब्रुसेल्समध्ये ऑफिस आहेत, उदाहरणार्थ ग्राहकांची बेउक १९६२ पासून आणि पर्यावरणाची ईईबी १९७४ पासून, त्या कमिटीच्या दारातून न जाता थेट कमिशनकडे आणि संसदेच्या समित्यांकडे जातात. मसुदा कुणाच्या टेबलावर आहे, कुठल्या समितीत दुरुस्त्या टाकायची शेवटची तारीख कोणती, हे रोज उठून बघणारा पगारी माणूस ज्या संघटनेकडे आहे तिचं काम होतं. हे तुझ्या नोट्समध्ये नसणार.

नेरुळहून एक वाचक: मी डीपीएस तलावापासून ते झाडं तोडण्यापर्यंत दिसेल त्या ऑनलाइन पिटिशनवर सही करते, पुढे काय होतं कधीच कळत नाही. युरोपात म्हणे दहा लाख सह्या झाल्या की सरकारला कायदा करावा लागतो?

कायदा करावा लागत नाही, उत्तर द्यावं लागतं. हा फरक छोटा वाटतो पण तोच सगळा मुद्दा आहे.

आपल्याकडे हरकती-सूचना म्हणजे काय होतं तुम्हाला माहितीये. अर्जाच्या दोन प्रती घेऊन आवक-जावकच्या खिडकीशी उभं राहायचं, एका प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारून घ्यायचा, तो शिक्का नीट उमटलाय ना ते बघायचं, आणि तो कागद फाइलला लावला की आपलं काम संपलं. सुनावणी लागलीच तर दोन मिनिटं मिळतात. तुमची हरकत का नाही मानली याचं कारण घरी पोस्टाने आलंय असं मी तरी अजून पाहिलेलं नाही.

तिथली योजना १ एप्रिल २०१२ पासून आहे, युरोपियन सिटिझन्स इनिशिएटिव्ह. एका वर्षात दहा लाख सह्या, किमान सात देशांमध्ये ठरलेला आकडा गाठलेला पाहिजे, सह्या त्या त्या देशाचं सरकार तपासतं. मग कमिशनला आयोजकांना भेटावं लागतं, संसदेत जाहीर सुनावणी होते, आणि सहा महिन्यांत कमिशन काय करणार, काय नाही करणार आणि का, हे लेखी जाहीर करावं लागतं.

पहिली यशस्वी ठरली ती पाण्याची, राइट टू वॉटर. सार्वजनिक सेवेतल्या कामगारांच्या युनियननी सुरू केलेली, मागणी अशी की पाणी हा हक्क आहे, त्याचं खासगीकरण नको. सुरुवातीला सह्या रखडत होत्या, मग जर्मनीत टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमात विषय निघाला आणि धडाधड वाढल्या, शेवटी सोळा लाखांच्या वर वैध सह्या, त्यात सगळ्यात जास्त जर्मनीच्या. सह्या अजून अधिकृतपणे द्यायच्याच होत्या तेव्हा, जून २०१३ मध्ये, कमिशनने कंत्राटांविषयीच्या एका कायद्याच्या मसुद्यातून पाणी बाहेर काढलं. २०१४ चं अधिकृत उत्तर मात्र गुळमुळीत होतं, पाणी हा हक्क असं कायद्यात लिहायला ते काही तयार झाले नाहीत. पण पिण्याच्या पाण्याचा जुना कायदा बदलायला घेतला आणि २०२० मध्ये नवीन आला, त्यात ज्यांच्यापर्यंत पाणी पोचत नाही अशा लोकांसाठी सरकारांनी पावलं उचलायची असं कलम आलं, सार्वजनिक जागी पिण्याच्या नळाची सोय वगैरे. आठ वर्षं लागली.

ग्लायफोसेट या तणनाशकाचंही बघा. २०१७ मध्ये दहा लाखांच्या वर सह्या गेल्या, बंदी घाला म्हणून. बंदी नाही घातली, उलट त्याच वर्षी पाच वर्षांची परवानगी दिली आणि २०२३ मध्ये अजून दहा वर्षांची. पण सह्यांमध्ये दुसरी एक मागणी होती, की कंपन्या परवानगीसाठी जे अभ्यास सादर करतात ते गुप्त का ठेवता, आणि ती मानली गेली, २०१९ मध्ये कायदा झाला आणि २०२१ पासून ते अभ्यास लोकांसाठी खुले करायला लागले. मला वाटतं बंदीपेक्षा हे जास्त टिकणारं आहे, कारण पुढच्या प्रत्येक तणनाशक-कीटकनाशकाच्या वेळी ते कामी येणार.

आता पिंजऱ्यातल्या कोंबड्या-डुकरांसाठी जवळपास चौदा लाख सह्या झाल्या होत्या. कमिशनने २०२१ मध्ये लेखी सांगितलं की २०२३ संपायच्या आत पिंजरे बंद करायचा प्रस्ताव आणतो. २०२३ संपलं, प्रस्ताव नाही आला. तर असंही होतं. पण लेखी दिलेलं असल्यामुळे आयोजकांना ते कागद घेऊन कोर्टात जाता आलं, आपल्याला शिक्का घेऊन कुठे जाता येतं सांगा.

आणि गंमत म्हणून घड्याळाचं सांगते. उन्हाळ्यात एक तास पुढे, हिवाळ्यात एक तास मागे, हे बंद करायचं का असं कमिशनने २०१८ मध्ये लोकांना विचारलं. ४६ लाख उत्तरं आली, विक्रमच, ८४ टक्के म्हणाले बंद करा. त्यातली तीसेक लाख एकट्या जर्मनीची होती ही वेगळी गोष्ट, म्हणजे जनमत म्हणायचं की जर्मनमत. संसदेने मार्च २०१९ मध्ये होकार दिला. कौन्सिलमध्ये देशांचं काही एकमत होईना, घोडं अडलं ते अडलंच, लोक अजूनही वर्षातून दोनदा घड्याळ फिरवतात.

वाशीहून एक निवृत्त बँक अधिकारी: सरकारकडूनच अनुदान घ्यायचं आणि सरकारवरच दबाव आणायचा, हा काय प्रकार? आपल्याकडे असं चालेल का?

काका, हाच वाद तिकडे २०२५ मध्ये चांगला पेटला होता. पर्यावरणासाठी लाइफ नावाचा कार्यक्रम आहे, सात वर्षांसाठी ५.४ अब्ज युरोचा, त्यातले वर्षाला सुमारे दीड कोटी युरो एनजीओंना ऑफिस चालवायला म्हणून मिळतात. काही खासदारांचं म्हणणं, कमिशन याच पैशातून एनजीओंना आमच्यावर सोडतंय. कमिशननेही मान्य केलं की काही अनुदानांच्या कामाच्या यादीत लॉबिंगचे असे मुद्दे होते जे तिथे नको होते. त्याच सुमारास युरोपियन युनियनचे हिशेब तपासणाऱ्या ऑडिट कोर्टाचा अहवाल आला. तुम्ही बँकेत होतात म्हणून तुम्हाला आवडेल, त्यांचा मुख्य आक्षेप चोरीचा नव्हताच, माहितीचा होता, तीन वर्षांत सात अब्ज युरोंच्या वर रक्कम वाटली पण कुणाला एनजीओ म्हणायचं हेच सगळीकडे सारखं नाही, आकडे जुळवायला गेलं तर जुळत नाहीत.

दुसरी बाजू पण बघा ना. तिथे ट्रान्स्परन्सी रजिस्टर आहे, २०११ पासून, बारा हजारांहून जास्त संस्था त्यात आहेत, कोण लॉबिंगवर किती खर्च करतो ते कुणीही बघू शकतं. एकट्या केमिकल उद्योगाच्या संघाचा वर्षाचा आकडा एक कोटी युरोच्या आसपास जातो. अनुदान बंद केलं तर खोलीत बोलायला कोण उरेल हे सांगायला नको. माझं मत विचाराल तर अनुदान चालू ठेवावं पण प्रत्येक करार वेबसाइटवर टाकावा, मागायची वेळच येऊ नये.

एनजीओ म्हणजे सगळे धुतल्या तांदळासारखे असंही नाही बरं का. डिसेंबर २०२२ मध्ये बेल्जियमच्या पोलिसांनी धाडी टाकून पंधरा लाख युरोच्या आसपास रोख पकडली, आरोप परदेशी सरकारकडून पैसे घेतल्याचा, आणि त्यात मानवी हक्कांच्या नावाने एका माजी खासदाराने काढलेली एनजीओ होती. ती त्या रजिस्टरमध्ये नव्हतीच.

आपल्याकडे चालेल का, तर आपल्याकडे परदेशी देणग्यांचा कायदा, एफसीआरए, २०२० मध्ये अजून कडक झाला, परदेशी पैसा आधी स्टेट बँकेच्या दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच आला पाहिजे आणि एका संस्थेने तो दुसरीला द्यायचा नाही. हंगेरीने २०१७ मध्ये परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थांवर शिक्का मारणारा कायदा केला होता, तर युरोपच्या कोर्टाने २०२० मध्ये तो युरोपियन कायद्याविरुद्ध ठरवला आणि पुढच्या वर्षी हंगेरीला मागे घ्यावा लागला. आपल्यावर असं वरचं कोर्ट कुणी नाही, जे काय ते दिल्लीतच.

उरणहून, बंदरातल्या युनियनचे एक कार्यकर्ते: भारत-युरोप व्यापार करारावर एवढी चर्चा, पण त्यात कामगारांना कुणी विचारतं का?

भाऊ, २००७ साली सुरू झालेल्या, २०१३ ला बंद पडलेल्या आणि २०२२ ला परत सुरू झालेल्या या वाटाघाटी, तेव्हा तुमची शंका जुनीच आहे. तुम्ही कोरियाचं उदाहरण नीट बघा, युनियनच्या मीटिंगमध्ये सांगण्यासारखं आहे.

युरोप-कोरिया करार २०११ पासून लागू. त्यात अशी सोय केली की दोन्ही बाजूंनी आपापल्या देशात एक सल्लागार गट नेमायचा, उद्योग, युनियन, एनजीओ मिळून, आणि करारातल्या कामगार आणि पर्यावरणाच्या कलमांवर लक्ष ठेवायचं. कोरियाने संघटना स्वातंत्र्याची आयएलओची, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची, मूळ कन्व्हेन्शन्स मंजूर केलेली नव्हती, युनियन नेते तुरुंगात जात होते. जानेवारी २०१४ मध्ये युरोपच्या गटाने कमिशनला पत्र लिहिलं, यावर कोरियाशी औपचारिक बोलणी सुरू करा. कमिशन ढिम्म. गट मागे लागून राहिला, आणि डिसेंबर २०१८ मध्ये बोलणी सुरू झाली, मग तज्ज्ञांचं पॅनेल, जानेवारी २०२१ मध्ये निकाल आला की कोरियाच्या युनियन कायद्यातल्या काही तरतुदी करारात बसत नाहीत. त्याच वर्षी कोरियाने तीन कन्व्हेन्शन्स मंजूर केली. त्या करारात दंडाची सोयच नव्हती, तरी हे झालं. पत्रापासून निकालापर्यंत सात वर्षं गेली, आणि कोरियातल्या युनियनही तिकडून तेवढ्याच जोरात लढत होत्या हे विसरू नका, नुसत्या ब्रुसेल्सच्या पत्राने काही झालं नसतं.

तेव्हा करार हातात आला की पहिलं हे बघा की आपल्या बाजूच्या गटात युनियनची नावं कोण ठरवणार. सरकारने ठरवली तर कुणाची येतील ते मी तुम्हाला काय सांगू. आपल्याकडे २०१४ पासून धोरण आहे की कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवायचा, पण ते धोरण आहे, कायदा नाही, आणि ते किती पाळतात ते तुम्ही बघताच.

खारघरहून एक वाचक: इथे बसून मी त्यांच्या कायद्यावर मत देऊ शकते का?

सही नाही करू शकत, सिटिझन्स इनिशिएटिव्ह फक्त त्यांच्या नागरिकांसाठी आहे. माहितीचा अर्जही हक्काने नाही करता येत, तो नागरिक किंवा तिथे राहणाऱ्यांसाठी. पण कमिशनच्या 'हॅव युअर से' या पोर्टलवर मत देता येतं, देश कुठला ते निवडायचं, त्यात भारत आहे. आधी ईयू लॉगिन करून घ्या. जाहीर सल्लामसलत साधारण बारा आठवडे चालते, शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका, आणि तुम्ही लिहिलेलं तिथे सगळ्यांना दिसतं, तेव्हा फोन नंबर वगैरे मजकुरात टाकू नका. इंग्रजी चालते.